एंड यूज काय?

"ह्यानं कुणाला मारणार नाही ना?"

समोरच्या माणसाने हे इतक्या शांतपणे विचारलं, की आपण चुकून फौजदारी वकिलाच्या ऑफिसात शिरलो की काय, असं मला वाटलं. प्रत्यक्षात मी बेलापूरला एका कस्टम ब्रोकरकडे आलो होतो. तळोज्याला माझा छोटासा कारखाना आहे. निळ्या काठाचे ते पांढरे इनॅमलचे मग आठवा. त्यांच्यावर जो काचेसारखा लेप असतो, त्याची भुकटी आम्ही बनवतो. तिला बोरिक ॲसिड लागतं. इतकी वर्षं ते एका व्यापाऱ्याकडून घ्यायचो. त्याने वर्षात दोनदा भाव वाढवला, तेव्हा माझ्यातला उद्योजक खडबडून जागा झाला आणि मी तुर्कस्तानहून थेट एक कंटेनर मागवायचं ठरवलं. वीस टन. पंचवीस किलोच्या आठशे बॅगा.

"मारायचं काय त्यात, काका? बोरिक पावडर आहे ती. कॅरमवर टाकतात ती."

"ते तुम्ही म्हणता. कायदा म्हणतो, कीटकनाशक." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "इन्सेक्टिसाइड्स ॲक्ट, १९६८. परिशिष्टात नाव आहे. शेठ, एंड यूज काय?"

मी एंड यूज सांगितला. मगांपर्यंत सांगितला. काकांनी तो वहीत लिहून घेतला आणि पुढचं विचारलं, "मग फरीदाबादचं परमिट काढलंत?"

"कसलं परमिट?"

काकांनी पेन खाली ठेवलं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा कीबोर्ड बडवत होता, तोही थांबला. नंतर कळलं, काका पेन खाली ठेवतात तेव्हा ऑफिसात कुणाचा तरी कंटेनर बुडालेला असतो.

"पैसे पाठवले?"

"तीस टक्के ॲडव्हान्स."

"माल जहाजावर चढला?"

"पुढच्या महिन्यात."

"मग वाचलात. आत्ता इथे बसून मेल टाका, माल हलवू नका म्हणून. कीटकनाशक म्हणून वापरणार नाही असं सांगून आधी परमिट घ्यायचं, मग जहाज. परमिटाशिवाय न्हावा शेव्याला लागला असता तर डिटेन्शन डॉलरमध्ये, ग्राउंड रेंट रुपयांत, आणि तुम्ही आमच्या जिन्यात."

केमिकलकाकांची आणि माझी ओळख झाली ती अशी. त्यांना नाव, आडनाव सगळं आहे. आधार कार्डावर असेलही. पण न्हावा शेव्यापासून वाशीपर्यंत कुठल्याही ब्रोकरच्या ऑफिसात ह्या जातीचा एक माणूस असतोच आणि त्याला नावाने कुणी ओळखत नाही. मशिनरीवाले असतात, कापडवाले असतात. केमिकलवाला त्यांच्यात वेगळा दिसतो, कारण त्याचा कुठल्याही वस्तूच्या नावावर विश्वास नसतो. वस्तू डोळ्यांसमोर असली तरी नसतो. ती कशासाठी आणली, कुणी आणली, कुठून आणली आणि तिच्याबद्दल कागद काय म्हणतो, एवढं कळेपर्यंत ती वस्तू त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते.

काका मूळचे उरणचे. १९८६ साली बॅलार्ड इस्टेटच्या कस्टम हाउसात एका एजंटाकडे लागले. रोज सकाळी मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरायचे, तिथून चालत. आपल्या देशाने कस्टमचं टॅरिफ नव्या आंतरराष्ट्रीय पद्धतीवर नेलं तेही त्याच वर्षी, फेब्रुवारीच्या शेवटी. काका ह्याचा उल्लेख असा करतात, की जणू दोघांची भरती एकाच जाहिरातीतून झाली. तीन वर्षांनी न्हावा शेव्याचं बंदर सुरू झालं. बंदर मुंबईहून काकांच्या दारात आलं, तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांनी त्यांचा हेवा केला. बंदर दारात येताना दारापुढची शेती घेऊन गेलं, हे काका सहसा बोलत नाहीत. त्या शेतीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटची एक फाईल आहे. लोकांचे कंटेनर चार दिवसांत सोडवणाऱ्या माणसाची स्वतःची फाईल एका ऑफिसात एका क्वेरीपाशी किती वर्षं बसली आहे, ते विचारलं की काका म्हणतात, "क्वेरी बरोबर आहे त्यांची. सातबारावर आजोबांचं नाव दोन प्रकारे लिहिलंय. डिस्क्रिप्शन मिसमॅच."

दिसायला अगदी साधे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, गळ्यात कस्टमचं ओळखपत्र. ते नेहमी उलटं लटकलेलं. मला वाटायचं वाऱ्याने फिरतं. ऑफिसात वाऱ्याची झुळूकसुद्धा नसते, हे लक्षात यायला मला दोन महिने लागले.

*

काकांच्या जगाचे दोन भाग आहेत, चॅप्टर एकोणतीस आणि चॅप्टर अडतीस. टॅरिफच्या एकोणतिसाव्या प्रकरणात सेंद्रिय रसायनं येतात, तीही एकेकटी, ठरावीक रचनेची, ज्यांना आपलं असं एक सूत्र आहे अशी. मिश्रणं, तयार घोळ, ज्यांना धड नाव नाही असे पदार्थ बहुधा अडतिसात जातात. त्यातलं अडतीस-चोवीस हे हेडिंग म्हणजे इतरत्र कुठेही न बसणाऱ्यांची धर्मशाळा. काका माणसांनाही ह्याच मापाने मोजतात. ऑफिसात नवा मुलगा लागला की आठवडाभर निरीक्षण करून निकाल देतात. "सरळ आहे. एकोणतीस." किंवा "हुशार आहे, पण अडतीस." मी कशात, हे विचारायचं धाडस मी केलं नाही. एकदा मालकांनी विचारलं होतं म्हणे. काकांनी त्यांच्याकडे सॅम्पल मागितलं.

पनवेलला मिसळ खायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. मी पहिला घास घेणार, तेवढ्यात काकांनी हात वर केला.

"ही इम्पोर्ट केली तर कशात जाईल?"

"मिसळ कोण इम्पोर्ट करणार, काका?"

"प्रश्न तो नाही. पाव एकोणीस-शून्य-पाच. उसळ वीस-शून्य-पाच. फरसाण एकवीस-शून्य-सहा. तीन हेडिंग झाली. आता नियम तीन लावायचा. आधी बघायचं, जास्त नेमकं वर्णन कुठल्या हेडिंगमध्ये आहे. मिसळीचं कुठेच नाही. मग बघायचं, ह्या मिश्रणाला त्याचं खरं रूप कशामुळे येतं. इसेन्शियल कॅरेक्टर." त्यांनी चमचा तर्रीत बुडवला. "फरसाण काढा, मिसळ राहते. पाव काढा, राहते. तर्री काढून बघा. काय उरतं?"

"उसळ."

"बरोब्बर. म्हणजे मिसळ जाणार एकवीस-शून्य-चारमध्ये. सूप."

शेजारच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले. त्यांतला एक कोल्हापूरचा असावा. मिसळीला सूप म्हटल्यावर त्याचा चेहरा तर्रीहून लाल झाला होता. त्याचा अंदाज घेऊन काकांनी माघार घेतली. "नाही पटलं तर नियम तीन-सी आहे. काहीच ठरत नसेल तर आकड्यांत जे हेडिंग सगळ्यात शेवटी येतं ते. एकवीस-शून्य-सहा. फरसाण." त्यावर कोल्हापूर काहीसं शांत झालं. तोवर माझा पाव गार झाला होता.

हा माणूस खातो कधी, असा प्रश्न पडतो. काकूंनाही पडला असावा. त्यांनी फार पूर्वीच उपाय शोधला. काकांना रसायनांचे कॅस नंबर पाठ आहेत. प्रत्येक रसायनाला जगभर चालणारा एक नोंदणी क्रमांक असतो. ॲसिटोनला शंभर नावं असतील, पण नंबर एकच, ६७-६४-१. काका स्वतःच्या मुलीचा मोबाइल नंबर डायरीत बघून लावतात, पण पाणी म्हटलं की ७७३२-१८-५ तोंडातून आपोआप येतं. एकदा जेवताना ते नुसतेच थबकले, तर काकू स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "७६४७-१४-५ कमी पडलंय ना? ताटात वाढलंय बाजूला." मीठ. मी पाहुणा म्हणून बसलो होतो. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा, घरात शिस्त आहे."

त्या नंबरात एक गंमत आहे, आणि ती काकांनी मला चहा गार होईपर्यंत समजावली. शेवटचा आकडा तपासणीचा असतो. तो सोडून उजवीकडून डावीकडे येत आकड्यांना क्रमाने एक, दोन, तीन असं गुणत जायचं आणि बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा तपासणीच्या आकड्याशी जुळला पाहिजे. पाण्याची बेरीज येते १०५. शेवटी पाच. जुळलं. माझ्या तुर्की विक्रेत्याच्या प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर बोरिक ॲसिडचा नंबर होता १००३४-३५-३. काकांनी चहाचा कप उचलला, छताकडे बघितलं आणि कप खाली ठेवायच्या आत म्हणाले, "बेचाळीस. शेवटी दोन यायला हवा, ह्यानं तीन टाकलाय. चार आणि तीनची अदलाबदल झालीय. १००४३ पाहिजे, मग बेरीज त्रेचाळीस येते." मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. त्रेचाळीस आली. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की ह्या माणसाच्या हाती आपले वीस टन सुखरूप आहेत. आणि वाटलं, ह्याच्यासमोर वय सांगताना सांभाळून सांगावं.

२०२३ साली कस्टमने रसायनांच्या बिल ऑफ एंट्रीत कॅस नंबर आणि शास्त्रीय नाव सांगणं सक्तीचं केलं. बाकीच्या ब्रोकरांनी कपाळाला हात लावला. काकांनी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले, असं सांगतात. काका स्वतः पेढ्यांचं नाकारतात. "बर्फी होती," म्हणतात.

*

काका फारसे कुठे फिरलेले नाहीत. लाँच, बस, आणि आता २०२४ पासून उरणपर्यंत आलेली लोकल, एवढाच त्यांचा प्रवास. पण भारताचा नकाशा त्यांच्या डोक्यात पक्का आहे, फक्त आपल्यासारखा नाही. कुणी म्हणालं, ग्वाल्हेरला जाऊन आलो, किल्ला काय सुंदर आहे, की काका विचारतात, "नार्कोटिक्स कमिशनरचं ऑफिस बघितलंत का?" नागपूर म्हटलं की सगळ्यांना संत्री आठवतात. काकांना पेट्रोलियम आणि स्फोटकांचं मुख्यालय आठवतं. ज्या द्रवाची वाफ २३ अंशांच्या खालीच पेट घेऊ शकते तो वर्ग ए, त्यावर ६५ पर्यंत बी, पुढे ९३ पर्यंत सी. ही बाराखडी नागपूरची. फरीदाबाद म्हणजे कीटकनाशकं. दिल्लीत लोक लाल किल्ला बघतात, काका म्हणतात पुसाची केंद्रीय प्रयोगशाळा बघायला हवी. काकू एकदा चारधाम म्हणाल्या. काका म्हणाले, "चारच?"

बजेटच्या दिवशी तर घरात सोवळं असतं. अर्थमंत्र्यांचं भाषण संपतं, टीव्हीवरची मंडळी इन्कम टॅक्सच्या स्लॅबवर भांडायला लागतात, आणि काका आवाज बंद करून नोटिफिकेशनं उतरायची वाट बघत बसतात. काही दर त्याच मध्यरात्रीपासून बदलतात. शेजारी विचारतात, "काय काका, आपलं काही वाचलं का?" काका म्हणतात, "साडेसातच आहे." त्यापुढे मग मंत्र सुरू होतो. शंभर रुपयांच्या मालावर साडेसात ड्यूटी, त्या ड्यूटीवर दहा टक्के सेस म्हणजे पंचाहत्तर पैसे, झाले १०८ रुपये २५ पैसे, त्यावर अठरा टक्के आयजीएसटी. एकूण २७.७३५. बऱ्याचशा रसायनांना लागणारा हा आकडा काका झोपेतही पुटपुटतात, असं काकूंचं म्हणणं. शेजाऱ्याला तो पॉलिसीचा नंबर वाटला होता.

एका गोष्टीवर मात्र काकांच्या समोर विनोद चालत नाही. प्रत्येक रसायनाबरोबर सोळा भागांचा एक सुरक्षा-कागद येतो. घटक काय, आग लागली तर काय, अंगावर सांडलं तर काय. कित्येक विक्रेते तो भरतात कसा, तर भाग नऊ, माहिती उपलब्ध नाही. भाग अकरा, माहिती उपलब्ध नाही. भाग बारा, तेच. वर ईमेलमध्ये "डिअर फ्रेंड". ऑफिसातली मुलं ह्यावर हसतात. एकदा एक जण म्हणाला, "काका, वाचतो कोण ते?" काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "भोपाळला त्या रात्री लोक दवाखान्यात आले तेव्हा डॉक्टरांना माहीत नव्हतं, कशावर औषध द्यायचं." एवढंच. घातक रसायनांच्या साठवणुकीचे आणि आयातीचे नियम त्या दुर्घटनेनंतर पाच वर्षांनी, १९८९ साली आले. काकांच्या टेबलाच्या खणात त्यांची जुनी प्रत आहे, कव्हर घातलेली. तो मुलगा आता सोळाही भाग वाचतो. निदान काका बघत असताना.

इतकं सगळं पाठ असलेल्या माणसाने मालाचं झाकण मात्र कधी उघडलेलं नाही. द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डात सॅम्पल काढायची वेळ आली, की काका हजर असतात. कंटेनरचं सील तुटतं, ड्रम बाहेर येतो, अधिकारी सॅम्पलच्या बाटल्या भरायला सांगतात, आणि काका वाऱ्याच्या वरच्या बाजूला, रुमाल नाकाला लावून, ड्रमकडे पाठ करून लेबल वाचत उभे असतात. लेबल पिंपाच्या त्याच बाजूला असेल असं नाही. मग दुसऱ्या पिंपाचं वाचतात. "आतलं काय ते लॅब सांगेल," म्हणतात. "आपलं काम बाहेरच्याशी."

*

काकांचा सुवर्णकाळ होता तो समोरासमोरचा. कस्टम हाउसात मालाची तपासणी करणाऱ्या ग्रुपमध्ये जायचं, अप्रेझरच्या टेबलापाशी उभं राहायचं, बगलेत टॅरिफ. साहेब म्हणायचे हे अडतीस, काका म्हणायचे एकोणतीस, मग जाडजूड स्पष्टीकरण-ग्रंथ निघायचे आणि दोघं पानं उलटायचे. ऑफिसातले लोक सांगतात, एका सॉल्व्हंटवरून काका आणि एक साहेब तीन दिवस वाद घालत होते. चौथ्या दिवशी साहेबांची बदली झाली, तर निरोप समारंभात त्यांनी काकांना शोधून सांगितलं, "तुमचं बरोबर होतं." नव्या साहेबांनी अडतीस धरलं ते वेगळं.

२०२० पासून सगळं फेसलेस झालं. बिल न्हावा शेव्याचं, ते तपासणारा अधिकारी देशातल्या कुठल्याही बंदरात. नाव नाही, चेहरा नाही, पडद्यावर फक्त क्वेरी. पहिले काही महिने काका सैरभैर झाले होते. सवयीने इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि मॉनिटरसमोर उभे राहायचे. मुलं म्हणायची, बसा काका. "साहेब आहेत," म्हणायचे.

मग हळूहळू त्यांनी क्वेरीवरून माणूस ओळखायची विद्या कमावली. 'काइंडली' दोनदा आलं तर साहेब दक्षिणेतले. जेवणानंतरची क्वेरी लांब असते, जेवणाआधीची तुटक. उद्गारचिन्ह असेल तर प्रमोशन अडकलंय. ह्यातलं खरं किती, कुणी तपासलेलं नाही, आणि तपासता येणारही नाही. फेसलेसचा हा एक फायदा काकांना मिळाला.

माझ्या कंटेनरची वेळ आली तोवर बरेच महिने गेले होते. फरीदाबादचा अर्ज काकांनी माझ्याकडून चार वेळा लिहून घेतला. किती लागतं, आधी किती वापरलं, कुठे साठवणार, उरलं तर काय करणार. मी एका जागी लिहिलं, "उत्पादन इ. साठी". काकांनी 'इ.' वर लाल गोल काढला. "ह्या 'इ.'मध्ये झुरळ बसतं, शेठ." शेवटी परमिट आलं. वीस टन, इनॅमलच्या लेपासाठी, कीटकनाशक म्हणून वापर नाही. मग पैसे, मग जहाज. जहाज यायच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री टाकायची असते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोजचे पाच हजार, पुढे दहा हजार. काकांनी तीन दिवस आधी टाकली.

दुसऱ्याच दिवशी क्वेरी आली. काकांनी ती मला फोनवर वाचून दाखवली. आवाज थोडा कापत होता.

"काइंडली क्लॅरिफाय द एंड यूज."

"मग? लिहून टाका ना, काका. परमिट जोडलेलंच आहे."

"शेठ, अडतीस वर्षं हा प्रश्न मी लोकांना विचारतोय," काका म्हणाले. "आज मला कुणीतरी विचारला."

उत्तराचे त्यांनी चार खर्डे केले. पहिल्यात इनॅमलचा इतिहास होता, तो मीच काढायला लावला. चौथा खर्डा खरोखर उत्तम होता. मी कारखान्यात फ्रेम करून लावला असता. पण तो पाठवणार कोण? त्या दिवशी मला ते उलटं ओळखपत्र कळलं. काकांचं कार्ड एच आहे. एच कार्डवाला कागद नेऊ शकतो, आणू शकतो, सगळं सांगू शकतो, पण डिक्लेरेशनवर सही करू शकत नाही. त्याला जी कार्ड लागतं, आणि जी कार्डाला परीक्षा. काका दोनदा बसले होते. ऑफिसात सांगतात, की पेपरात अमुक रसायनावर ड्यूटी काढा असा प्रश्न होता आणि काकांनी उत्तरपत्रिकेवर लिहिलं, "शुद्धता, पॅकिंग, मूळ देश व एंड यूज नमूद नाही. कागदपत्रे सादर केल्यास पुढील कार्यवाही करता येईल." काकांना विचारलं तर ते एवढंच म्हणतात, "प्रश्न सदोष होता."

सही करायची ती शेजारच्या सव्वीस वर्षांच्या मुलाने. आता सही म्हणजे शाई नाही, पेन ड्राइव्हसारखी एक वस्तू. कॉम्प्युटरला लावली की सही होते. आणि तो मुलगा त्या दिवशी मेव्हण्याच्या हळदीला अलिबागला गेला होता. सही खिशात घेऊन. काका दिवसभर तो चौथा खर्डा पडद्यावर उघडून बसले होते. संध्याकाळी मुलगा आला, कपाळाला हळद. सही लावली. काका म्हणाले, "आधी वाच." त्याने वाचलं. मग दोन बोटांनी बटण दाबलं. त्या बटणाला हळद लागलेली मी स्वतः बघितली.

पुढे सॅम्पल निघालं, लॅबमध्ये गेलं. रिपोर्ट आला, माल बोरिक ॲसिड आहे. विक्रेत्याने तसं म्हटलं होतं, मी म्हटलं होतं, आठशे बॅगांवर छापलेलं होतं. तरी रिपोर्ट वाचून काका खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "म्हणजे बोरिक ॲसिडच निघालं." आउट ऑफ चार्ज झालं, म्हणजे माल सुटला, तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते.

*

पुढच्या रविवारी मी उरणला त्यांच्या घरी गेलो. पेढे नेले. आणि वाटलं, ज्या पदार्थासाठी ह्या माणसाने इतके महिने घातले, तो त्याने एकदा डोळ्यांनी तरी बघावा. म्हणून कारखान्यातून पाव किलो बोरिक पावडर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नेली. काकांच्या चाळीत पुढच्या आठवड्यात कॅरमच्या स्पर्धा होत्या. गॅलरीत पोरं सराव करत होती. टेबलावर पिशवी ठेवून मी म्हटलं, "काका, ही घ्या. तुर्कस्तानची. ओरिजिनल."

काकांनी पिशवीला हात लावला नाही. सगळ्या बाजूंनी बघितलं.

"लेबल नाही."

"काका, तुमच्याच कंटेनरमधली आहे."

"परमिटात काय लिहिलंय? इनॅमलचा लेप. कॅरम लिहिलेलं नाही."

"पाव किलो तर आहे!"

"वीस टन म्हणजे पाव किलोच्या ऐंशी हजार पिशव्या. एक कमी झाली तर हिशेबात दिसते."

काकू पेढ्यांची बशी घेऊन बाहेर आल्या. पिशवी बघून त्यांचे डोळे चमकले. "बोरिक पावडर ना? द्या इकडे. कणकेत कालवून गोळ्या करते. ओट्याखाली झुरळांनी उच्छाद मांडलाय."

काका उठून टेबल आणि काकूंच्या मधे उभे राहिले. त्यांना इतक्या चपळाईने हलताना मी कधी बघितलं नव्हतं. "अजिबात नाही. झुरळ मेलं की इन्सेक्टिसायडल यूज झाला. अंडरटेकिंग दिलंय शेठनी. सहीचं."

"मग नुसत्या गोळ्या ठेवते ओट्याखाली. मारायला नाही. झुरळांना सांगा तुम्ही, खाऊ नका म्हणून."

काका खरोखर विचारात पडले. पेढा हातात तसाच राहिला.

"तसं लेबल लावता येईल," ते म्हणाले.

शेवटी लेबलही लावलं नाही. निघताना त्यांनी पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि वहीत नोंद केली: २५० ग्रॅम, आले, परत गेले. सोमवारी सकाळी मी तळोज्याला पोचलो आणि ती पावडर पोत्यात ओतत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"ओतली का?"

"ओततोय, काका."

"त्याच बॅगेत ना? बॅच नंबर बघा."